पाठीवरचे बिऱ्हाड

गाडी दारात आली त्या दिवशी सगळी आळी बघायला लोटली. पुरुषमाणसे इंजिन कुठले, लिटरला किती पडते, असे विचारत बाहेर उभी राहिली. बायका थेट आत चढल्या आणि एकीमागून एकीने तेच विचारले, "मोरी कुठं हाय?" मी दाखवली. दोन फूट बाय तीन फूट, तळाला पत्रा, पत्र्याला भोक आणि भोकाला बूच. "आन् हितं बसून आंघोळ कशी करायची गं?" म्हटले, उभ्याने. शेजारच्या काकू हसून हसून पायरीवरच बसल्या.

गाडी म्हणजे जुना टेम्पो ट्रॅव्हलर. पुण्याच्या एका निवृत्त गृहस्थांनी तो आतून घरासारखा बांधून घेतला होता. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून त्यांनी विकायला काढला. बाकड्यांखाली सामानाचे कप्पे, बाकडी जोडली की पलंग, दोन शेगड्यांचा ओटा, शंभर लिटरची पाण्याची टाकी, छपरावर उन्हावर चालणारी दोन सोलर पॅनेल. शहरात याला मोटारहोम म्हणतात. आमच्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी 'विंचू' असे नाव ठेवले, बिऱ्हाड पाठीवर म्हणून. कुणाला अशी गाडी घ्यायची असेल तर एक सांगून ठेवते. टेम्पो घेतला आणि आत पलंग ठोकला की काम झाले, असे नाही. असा बदल आरटीओकडून मंजूर करून आर. सी. बुकात नोंदवावा लागतो, नाहीतर पुढे विम्याला अडचण येते. ती नोंद आधीच झालेली होती, म्हणूनच आम्ही जुनी गाडी पसंत केली.

पैसे उसाच्या बिलाचे, आणि चारातल्या दोन म्हशी विकल्या त्यांचे. थोरला मुलगा तोंडावर काही बोलला नाही, पण जेवताना म्हणाला, "एवढ्यात सगळ्या रानाचं ठिबक झालं आसतं." त्याचे खोटे नव्हते. यांनी ताटावरून मान वर केली नाही. म्हणाले, "ठिबक फुडच्या बिलात. तुझी आई छत्तीस वर्सं गोठा सोडून दोन रात्रीच्या वर कुठं ऱ्हायली न्हाई."

आणि गाडी त्यांनी माझ्या नावावर केली. सात-बाऱ्यावर माझे नाव कधी आले नाही, घराच्या उताऱ्यावरही नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा चूल सासूबाईंची होती. मिठाचा डबा कोणत्या फळीवर ठेवायचा हे त्यांनी ठरवलेले. बावीस वर्षे मी तो तिथेच ठेवला. त्या गेल्यावर काही वर्षे स्वयंपाकघर माझ्या हाती आले, तोवर सून आली. सून चांगली आहे. तिने तिच्या सोयीने डबे हलवले, मी कोठीची किल्ली तिच्या हाती दिली. तक्रार म्हणून सांगत नाही, घरोघरी असेच चालते. पण या गाडीत मीठ कुठे, पीठ कुठे, तवा कुठे टांगायचा हे ठरवायला मी अख्खा अर्धा दिवस घेतला. हे दोनदा येऊन विचारून गेले, "झालं का न्हाई आजून?" म्हटले, नाही झाले.

निघालो 2024 च्या फेब्रुवारीत. ऊस कारखान्याला गेला होता, खोडव्याला पहिले पाणी देऊन झाले होते. कऱ्हाडहून पाटण, हेळवाक आणि तिथून कुंभार्ली घाट. घाटाच्या तिसऱ्या वळणावर परात फळीवरून सुटली आणि गरगरत पार मागच्या दारापर्यंत गेली. चिपळूणला सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब मागून घेतली, तिचे पट्टे कापले आणि सगळे डबे फळीला बांधून टाकले. पुढे परतीच्या आंबोलीपर्यंत एक डबा हलला नाही.

पहिला मुक्काम दापोलीला, एका खानावळीच्या अंगणात. दोघांनाही झोप लागेना. गोठ्यात साखळी वाजत नाही, कुणी खाकरत नाही. पहाटे चारला सवयीने डोळे उघडले आणि करायला काहीच नव्हते. धार नाही, शेण नाही, चूल पेटवायची नाही. हेही जागेच. मी चहा टाकला आणि दार उघडून आम्ही पायरीवर बसलो. बऱ्याच वेळाने यांनी विचारले, "तुझ्या माहेरच्या हिरीवर चिच हुती, ती हाय का अजून?" छत्तीस वर्षांत त्यांनी त्या चिंचेची चौकशी केली नव्हती. म्हटले, हाय. उजाडेपर्यंत आम्ही अशाच गोष्टी बोलत होतो. वाटण्या, बिले, सोसायटीचे कर्ज यांतले काही त्यात आले नाही.

दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ आहे, 1972 साली स्थापन झालेले. हे तिथे जाऊन 'रत्ना' आंब्याची दोन कलमे घेऊन आले. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून विद्यापीठाने ही जात 1981 साली काढली. हापूससारखा साका तिच्यात धरत नाही आणि ती दरसाल फळते. कलमे ठेवायची कुठे? मोरीत. तेव्हापासून उरलेले सगळे दिवस आम्ही दोन आंब्यांच्या मध्ये उभे राहून आंघोळ केली. झाडांना पाणीही आपोआप मिळाले.

पाण्याचे आणि विजेचे गणित सांगते, कारण गावात सगळ्यांनी तेच विचारले. शंभर लिटर पाणी दोघांना दोन दिवस पुरते. म्हणजे एका म्हशीला दिवसाला लागते त्याहून कमी पाण्यात दोन माणसांचा स्वयंपाक, भांडी आणि आंघोळ होते. घरी आपण किती सांडतो ते तेव्हा कळले. बॅटरी घरच्या इन्व्हर्टरसारखीच, ती निम्म्याच्या खाली उतरू द्यायची नाही. दोन दिवे, एक पंखा, पाण्याची छोटी मोटर एवढ्याला पुरून उरते. मिक्सरचा हट्ट धरला तर पुरत नाही. मी पाटा नेला नव्हता, पण खलबत्ता नेला होता. चालत्या गाडीत सिलिंडरची तोटी बंद ठेवायची. संडासाचे पेटीसारखे भांडे असते, ते रोज कुणाच्या तरी पक्क्या संडासात रिकामे करावे लागते. म्हणून मुक्काम करताना आम्ही आधी ती सोय विचारत असू आणि मग समुद्र किती लांब ते.

दापोलीहून खाली हर्णैला उतरलो. हे माळकरी आहेत, त्यामुळे मासळीशी आमचा संबंध बघण्यापुरता. पण हर्णैच्या बंदरावर लिलावापेक्षा यांचे डोळे बैलांवर होते. होड्या पार काठाला लागत नाहीत, म्हणून बैलगाड्या पाण्यात घालून मासळी बाहेर आणतात. पोटापर्यंत खाऱ्या पाण्यात उभे राहिलेले बैल आम्ही जन्मात पाहिले नव्हते. हे एका गाडीवानाला विचारत होते, खुरांना काय लावता, खार अंगावर उतरत नाही का. तो म्हणाला, घरी नेल्यावर गोड्या पाण्याने धुतो. तेवढ्यावर त्यांची तासभर दोस्ती जमली.

तिथून जवळच मुरूड, महर्षी कर्व्यांचे गाव. कोकणातल्या त्या गल्ल्या मोठ्या अवघड. दोन्ही बाजूंनी जांभ्या दगडाचे गडगे, वर माडाच्या झावळ्या आणि विजेच्या तारा. मी खाली उतरून पुढे चालायची आणि हात दाखवायची. उसाची ट्रॉली मागे घेताना आयुष्यभर हेच केले आहे, त्यामुळे यांना माझ्या हाताची भाषा कळते. एका वाडीच्या तोंडाशी एक आजी उभ्या होत्या. त्यांनीच हाक मारली, "पुढे वळायला जागा नाही, इथेच लावा." त्या रात्री त्यांच्या अंगणात राहिलो.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनकडे किनाऱ्याला धडकले, तेव्हा दापोलीच्या या किनाऱ्यालाही त्याने झोडपून काढले. आजींच्या वाडीतल्या जुन्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. "ह्या खांबाला धरून बसले होते," त्यांनी पडवीतला खांब दाखवला. "कौलं पत्त्यांसारखी उडत होती. वादळ थांबल्यावर बाहेर आले तर समोर समुद्र दिसला. आमच्या पडवीतून समुद्र कधी दिसत नसे हो." मुलगा मुंबईला नोकरीत. तो म्हणाला, आता वाडी राहू दे. यांनी गडी लावून पुन्हा रोपे लावली. पोफळीला लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात. आजी सत्तरीच्या पुढच्या. आमच्याकडे आडसाली उसाचे अठरा महिने निघता निघत नाहीत. हे रोपांमधून फिरून आले आणि मला हळूच म्हणाले, "रोपं चांगली हैत. आळी बी नीट केल्याती." यांच्या तोंडून याच्यापेक्षा मोठी शाबासकी निघत नाही.

त्या गावातून जाताना कुलूप लावलेली घरे किती दिसली! चांगली चौसोपी, अंगण शेणाने सारवलेले नाही, तुळस वाळलेली. गणपतीला माणसे येतात, पंधरा दिवस घर नांदते आणि पुन्हा कुलूप. आजी म्हणाल्या, "तुमचं बरं आहे, घर बरोबर घेऊनच हिंडता." त्यांच्या बोलण्यात थट्टा होती की दुसरे काही, मला नीट कळले नाही.

दाभोळला खाडी ओलांडायला फेरीबोट आहे. गाडी बोटीत घालायची, हँडब्रेक ओढायचा, आणि पलीकडे धोपाव्याला उतरायचे. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती आणि धक्क्याचा उतार तीव्र. बोटीवरचा एक म्हातारा खलाशी म्हणाला, "गाडी लांब आहे, मागची बाजू घासेल. पाणी भरू द्या." किती वेळ लागेल विचारले तर त्याने उलट विचारले, "आज तिथी कोणती?" तिथीला पाऊणपट करायचे, की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. द्वादशीला बारा पाऊण नऊ. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. तासाभराचा फरक पडतो, पण दर्यावर्दी माणसांचे पिढ्यान् पिढ्या यावरच भागले. यांना शाळेत शिकलेली पाऊणकी अजून तोंडपाठ आहे. ती उपयोगी पडेल असे मात्र कधी वाटले नसेल. पुढे प्रत्येक मुक्कामाला हे कॅलेंडर काढून भरती सांगायचे आणि खरी ठरली की माझ्याकडे बघायचे.

पाणी भरेपर्यंत आम्ही धक्क्यावर बसलो. दाभोळची खाडी म्हणजे वाशिष्ठी नदीचे मुख. हे बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "हे आपल्या कोयनेचं पाणी." मी आधी हसले. पण खरेच आहे ते. कोयना खरी आमची नदी. कऱ्हाडला कृष्णेला मिळते, आमचा ऊस तिच्यावर, आणि तिथून ते पाणी बंगालच्या उपसागराला जाते. पण धरण बांधल्यावर त्याच पाण्याचा एक वाटा डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला वळवला. पोफळीच्या वीजघरात ते पडते, वीज तयार होते, पुढे ते कोळकेवाडी धरणात साठते आणि शेवटी वाशिष्ठीतून या खाडीत येते. धरणात 105 टीएमसी पाणी मावते. कृष्णा लवादाने 1976 च्या निवाड्यात वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी असे पश्चिमेला सोडायला मुभा दिली. उन्हाळ्यात आमच्याकडे आवर्तन लांबले की पारावर याच आकड्यावरून भांडणे होतात. तो आकडा मी शंभरदा ऐकला होता. तो असा समोरून वाहताना पहिल्यांदा पाहिला. खलाशाला हे सांगितले तर तो म्हणाला, "मग तुमचंच पाणी आहे, घ्या भरून. पण आता खारट झालंय."

गुहागर, हेदवी भराभर झाले. तवसाळहून जयगडला दुसरी फेरीबोट, आणि मग गणपतीपुळे.

संध्याकाळी दर्शन घेऊन आलो आणि मी भाकरी थापायला बसले. गाडीत भाकरी थापली की सगळी गाडी डुलते. बाजूला उभ्या असलेल्या मोटारीतली माणसे वळून बघत होती. तेवढ्यात थोरल्याचा फोन आला. नदीवरची साडेसातची मोटर जळाली होती. खोडवा पाण्यावर आलेला. आणि पुढे त्याने विचारले, "अण्णा, मोटारघराची किल्ली कुठं हाय?"

किल्ली यांच्या करदोड्याला होती. तीस वर्षे तिथेच आहे.

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "उद्या पाटंचं निगू. आंबा घाटानं दुपारपातुर कोल्हापूर, दिस मावळायला घरी." मी तवा खाली उतरवला. म्हटले, "आपण किल्ली घेऊन पोचायच्या आत तो कुलूप फोडून मोटर बाहेर काढील. त्याला फोडू द्या." "कुलूप फोडायचं?" ते असे म्हणाले, जणू मी देव्हारा फोडायला सांगितले. म्हटले, "कोठीची किल्ली मी सूनबाईला दिली तवा तुम्हीच म्हणाला हुता, बरं केलंस." यावर ते काही बोलले नाहीत. अर्धी भाकरी ताटात राहिली. रात्री कितीतरी वेळ त्यांच्या कुशी बदलण्याने गाडी हलत होती. मीही जागी होते. घरी परत जाणे मला अवघड नव्हते. पण आज इथून वळलो तर पुन्हा कधी निघणे होणार नाही, गाडी गोठ्यामागे उभी राहील आणि तिच्यात पेंडीची पोती ठेवतील, हे मला स्पष्ट दिसत होते.

सकाळी आरे-वारेच्या किनाऱ्याने रत्नागिरीत आलो. तिथून एक रस्ता हातखंब्याला आणि पुढे आंबा घाटाला जातो. दुसरा भाट्याच्या पुलावरून पावसला. यांनी गाडी बाजूला घेतली आणि थोरल्याला फोन लावला. म्हणाले, "कुलूप फोड. मोटर बांधाय त्या नेहमीच्या माणसाकडं दे, दुसऱ्याकडं नको. केबल तपासून घे." एवढे बोलून फोन माझ्याकडे दिला आणि गाडी पुलाकडे वळवली. पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी आहे. ज्ञानेश्वरी त्यांनी अभंगांत उतरवली, आणि ती अभंग ज्ञानेश्वरी आमच्या घरी वाचतात. त्यामुळे तिथे जायचे यांच्या मनात फार दिवसांचे होते. समाधीपाशी ते दोन तास बसले. मी बाहेर सावलीत बसून तांदूळ निवडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विजयदुर्गाच्या पायथ्याला थोरल्याने फोटो पाठवला. सरीत पाणी चाललेले. यांनी तो फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला. "बांध वाईच फुटलाय त्या कोपऱ्याला," एवढेच म्हणाले. त्या रात्री मात्र घोरले.

पुढचा प्रवास सुखाचा झाला. देवगडच्या कातळावर हापूसच्या बागा बघून यांना नवल वाटले. माती अशी दिसतच नाही, खड्डे मारून आत माती भरून झाड लावलेले. आमच्या काळ्या रानात बसून कोकणातल्या माणसाला आळशी म्हणणाऱ्यांनी एकदा तो कातळ बघून यावा. मालवणात एका घरी ओल्या काजूगरांची उसळ खाल्ली. मी कृती विचारून घेतली, पण ओले काजू आणायचे कुठून? वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र आहे, तिथून निघालेल्या वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या काजूच्या जाती कोकणभर लावलेल्या दिसतात. शिरोड्याला 1930 चा मिठाचा सत्याग्रह झाला, ती जागा पाहिली. चवथ्या-पाचव्या दिवसापासून सकाळचा चहा हे करू लागले होते. साखर जास्त पडायची, पण मी काही बोलले नाही. घरी आल्यावर पुन्हा त्यांनी चुलीकडे पाहिलेले नाही, हेही सांगून टाकते.

आंबोली घाट चढून आजऱ्यावरून परत आलो. अकरा दिवस, सुमारे साडेसातशे किलोमीटर, 80 लिटर डिझेल. त्याचे साडेसात हजार, फेरीबोटी, मुक्कामाची जागाभाडी आणि भाजीपाला मिळून चार हजारांच्या आत. पीठ, डाळ, तांदूळ, चटणी घरची. गाडीची किंमत यात धरलेली नाही, ती धरली तर हिशेब बसत नाही. थोरल्याने तो कागदावर मांडून दाखवला आहे.

मोटारघराला त्याने नवे कुलूप आणले होते. दोन किल्ल्यांतली एक त्याने यांच्यापुढे धरली. हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे तुझ्यापशीच. आमी चैतात परत जायाचं म्हणतोय." आणि गेलोही, दोन्ही नातवंडांना घेऊन वेळासला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 साली तिथे समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. आता गावकरीच राखतात. पन्नासेक दिवसांनी अंड्यांतून पिल्ले निघतात आणि सकाळ-संध्याकाळ ती समुद्रात सोडतात. मुठीएवढी पिल्ले. धाकट्या नातवाला त्यांतले एक गोठ्यात पाळायला आणायचे होते.

रत्नाची कलमे मृगाचा पाऊस झाल्यावर बांधावर लावली. एकाने चांगले मूळ धरले आहे. दुसरे शेळीने खाल्ले.